भर दुपारची रात्र

फिक्रीने रिमोट दाबून चित्र थांबवलं, गुडघ्यांवर हात टेकत तो उठला आणि टीव्हीपाशी जाऊन खजुराच्या बुंध्याशी अंगठा लावून पाहिला. बुंध्याच्या पायाशी एक काळा पट्टा होता, बरोबर अंगठ्याएवढा. त्याने अंगठा काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि नाक काचेला टेकेल इतकं जवळ नेलं. पट्टा तिथेच. ती सावली होती. आखूड, काळीभोर, भर दुपारची सावली. आणि गोष्टीत तर मध्यरात्र चालली होती.

"मेलो," तो म्हणाला.

घरात ऐकायला कुणी नव्हतं. दुपारचा उजेड टीव्हीवर पडू नये म्हणून पडदे ओढलेले होते. पडद्यांमागे खिडक्या खडखडत होत्या, कारण अलेक्झांड्रियातलं जानेवारीचं ठरलेलं वादळ येऊन मुक्काम ठोकून बसलं होतं आणि समुद्राची खारट ओल तिसऱ्या मजल्यापर्यंत चढली होती. फिक्री पाय ओढत खुर्चीत परतला. थांबलेल्या चित्रात विहीर होती, रहाट होता, कंदील घेतलेली बाई होती. पण दातात अडकलेल्या तंतूकडे जीभ जावी तशी त्याची नजर त्या सावलीकडेच जात होती. डाव्या कोपऱ्यात, खाली अगदी कडेला, आणखी एक गोलसर काळं काहीतरी होतं. कॅमेऱ्यावर कुणीतरी धरलेल्या छत्रीची सावली असावी. एरवी फिक्रीने नुसत्या त्या छत्रीवर पानभर लिहिलं असतं. आज त्याला तेवढी सवड नव्हती.

'रात्रीचा रहाट' पाहिला नाही असा माणूस इजिप्तमध्ये शोधून सापडायचा नाही. गावाबाहेरच्या ओसाड विहिरीवरचा रहाट बैलावाचून रात्री फिरू लागतो, आणि ज्याला त्याची कुरकुर ऐकू येते तो सकाळी विहिरीत सापडतो. एवढीच गोष्ट. पण एकेका पिढीने तिच्या भीतीने अंथरुणं ओली केली. त्या काळी रात्री चित्रण करायला लागणारे मोठे दिवे कुणाला परवडणार? भर उन्हात चित्रण उरकायचं आणि प्रत छापताना त्यावर काळोख चढवायचा, अशी रीत होती. हा काळोख मुळात किती होता, यावरून फिक्रीचं एका माणसाशी बारा वर्षं हाडवैर चाललं होतं.

त्या माणसाला फिक्रीने कधी पाहिलं नव्हतं. जुन्या सिनेमांच्या डिस्क जमवणाऱ्यांचा इंटरनेटवर एक फोरम होता, तिथे फिक्री 'दीपगृह' या नावाने लिही आणि तो 'चष्मेवाला' या नावाने. कैरोच्या शुब्रा भागात त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, एवढीच त्याची ओळख. फिक्रीचं म्हणणं, विहिरीच्या प्रसंगात कंदिलाशिवाय काही दिसताच कामा नये, तोच खरा सिनेमा. चष्मेवाल्याचं म्हणणं, छे, मी सात वर्षांचा असताना शुब्र्याच्या थेटरात पाहिलाय, खजुराची सावली स्वच्छ दिसत होती, दिसायलाच हवी.

"दीपगृहाने समुद्राकडे बघावं," तो लिहायचा, "सिनेमाकडे बघायला आम्ही आहोत."

"चष्मेवाल्याने आधी स्वतःचा नंबर तपासून घ्यावा," फिक्री लिहायचा.

निकाल लावणार कोण? सिनेमाच्या दोन डिस्क निघाल्या होत्या आणि दोन्ही एकीपेक्षा एक भिकार. पहिली कुठल्याशा झिजलेल्या टीव्हीच्या प्रतीवरून काढलेली. तिच्यात रात्र म्हणजे नुसतं डांबर. दुसरी आखातातल्या एका कंपनीची. तिने सगळं इतकं उजळलं होतं की भुताची बाई पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसायची, वर चित्राच्या चारी कडा कापलेल्या. आता ही तिसरी. फ्रान्समधल्या एका छोट्या कंपनीने मूळ निगेटिव्ह आणि पहिल्या खेळाची एक प्रत हुडकून काढली, त्या प्रतीबरहुकूम उजेड-काळोख लावला आणि चित्र पार कडेपर्यंत दाखवलं. फिक्रीच्या भाच्याने ती मार्सेहून येताना आणली. चष्मेवाल्यानेही मागवली होती, तसं त्याने उन्हाळ्यातच जाहीर करून टाकलं होतं. बाकी कुणाकडे ती अजून पोचली नव्हती. आणि या डिस्कने चष्मेवाला खरा ठरवला होता. बारा वर्षं.

फोरम तसा आता मोडकळीलाच आला होता. तरुण पोरं कधीच फोनवर सिनेमे बघायला लागली. जुन्यांतले काही गेले, काही नातवंडांत रमले. राहता राहिले हे दोघं, आणि यांची भांडणं वाचायला अधूनमधून डोकावणारे पाच-सहा जण. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या फिक्रीच्या दिवसाला हे भांडण म्हणजे एकच खुंटी उरली होती. नवाल होती तेव्हा ती चहाचा पेला आणून ठेवायची, त्याच्या खांद्यावरून डोकावायची आणि विचारायची, "काय म्हणतेय आज माझी सवत?"

नवाल गेली त्याला तीन वर्षं झाली. तेव्हा फिक्रीने स्वतःच्या खऱ्या नावाने फोरमवर तसं कळवलं होतं. चष्मेवाल्याने दोन ओळी सांत्वनाच्या लिहिल्या, आणि दुसऱ्याच दिवशी फिक्रीच्या एका जुन्या लेखावर तुटून पडला. फिक्रीला रडू आलं होतं, पण कृतज्ञतेने. सगळं जग त्याच्याशी दवाखान्यात बोलावं तसं हळू बोलत होतं. हा एकटाच आवाज न उतरवता भांडत होता.

आणि गेले दोन-अडीच महिने तो गप्प होता.

आधी फिक्रीला वाटलं, गेला असेल कुठे तरी. मग वाटलं, रुसला. त्याने दोन-तीनदा मुद्दाम खोडी काढून पाहिली, उत्तर नाही. रोज सकाळी उठून तो आधी फोरम उघडायचा आणि रिकामं पान बघून बंद करायचा. आता तर डिस्कही आली होती. लिहायला हवं होतं. पण लिहायचं काय? "तुमचं बरोबर होतं" असं लिहिलं, तर भांडणच मिटलं. हरलेल्या माणसाशी कोण कशाला बोलायला येईल? आला तरी एकदा छाती फुगवून जाईल, आणि मग? उलट धडधडीत खोटं लिहिलं तर? डिस्क त्याच्याही हातात आहे. बघून लिहिलेलं खोटं या माणसाला पचणं शक्य नाही. मरणाच्या दारातून उठून येईल.

थोडा स्वार्थही होताच, नाही कसं म्हणावं. बारा वर्षांचा पराभव एका दुपारी गिळायचा म्हणजे घसा मोठा लागतो.

फिक्रीने लिहिलं: "नवी डिस्क पाहिली. चित्र अप्रतिम. विहिरीच्या प्रसंगात कंदिलाशिवाय काहीही दिसत नाही. खजुराची सावली नाही, कधी नव्हतीच. वाद संपला. आवाज स्वच्छ." बोट क्षणभर घुटमळलं. मग त्याने पाठवून दिलं.

पायऱ्यांवर सपाता वाजल्या. खालच्या मजल्यावर राहणारी त्याची मोठी बहीण इन्शिराह टोपावर टोप ठेवून वर आली. दार तिला कधी वाजवावं लागत नसे.

"अंधारात काय बसलायस? मुलूखियाची पालेभाजी आणलीय. भात गरम आहे तोवर खा."

"ठेव, अब्ला." थोरल्या बहिणीला तो अब्लाच म्हणे.

"ठेव काय? काल ठेवलेलं तसंच आहे." तिने पडदे सरकवले आणि टीव्हीकडे पाहिलं. "अजून हीच बया? अरे, एवढ्या वेळा तर तिने स्वतःसुद्धा विहिरीत बघितलं नसेल."

"काम आहे माझं."

"काम." तिने पोळीचा तुकडा मोडून त्याच्या हातात दिला. "आला का तुझा तो भांडखोर?"

"नाही."

"मग बरं झालं की. मिटलं एकदाचं भांडण."

"भांडण मिटलं नाही," फिक्री म्हणाला. "भांडणारा नाहीसा झालाय."

इन्शिराहने त्याच्याकडे नीट पाहिलं. तो जेवेपर्यंत ती समोर बसून राहिली.

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. फिक्रीने पान उघडलं, नाव पाहिलं आणि उभाच राहिला.

"आवाजाबद्दल नेहमीप्रमाणे दोन शब्द टाकून मोकळे झालात. 'आवाज स्वच्छ.' स्वच्छ कसला, धुऊन काढलाय. पडद्यावर दिसायच्या आधी रहाट तीनदा कुरकुरतो. आधी कुरकुर, मग रहाट, म्हणून तर माणूस घाबरतो. खरखर पुसायच्या नादात या लोकांनी कुरकुरही पुसून टाकली, आणि तुम्हाला पत्ता नाही. कान असतील तर जुनी डिस्क ऐका."

फिक्रीने मांडीवर थाप मारली. स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला, साखर नेहमीपेक्षा चमचाभर जास्तच पडली. भिंतीवरच्या नवालच्या फोटोला म्हणाला, "आली गं तुझी सवत." जिवंत होता गाढव. भांडत होता. पेला घेऊन तो परत येऊन बसला आणि चवीचवीने पुन्हा वाचू लागला. आणि तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की चित्राबद्दल त्यात अक्षर नव्हतं.

सावलीबद्दल अक्षर नव्हतं. ज्या सावलीवरून त्याने ईदचा दिवस बघितला नाही की नाताळ बघितला नाही, त्या सावलीबद्दल.

फिक्रीने घाईघाईने लिहिलं, "आणि सावलीचं काय? बोला की. हरलात ना?"

या वेळी उत्तर लगेच आलं.

"तुम्ही लिहिलंय तसंच असेल. लहानपणी पाहिलेल्याचं काही खरं नसतं."

फिक्रीने चहाचा पेला खाली ठेवला. त्याने ते वाक्य पुन्हा वाचलं, मग मोठ्याने वाचलं. असं वाक्य या माणसाने आजवर लिहिलं नव्हतं. शिव्या दिल्या असत्या, थुंकला असता, तर चाललं असतं. चहा तसाच राहिला. तो उठून जिना उतरला आणि इन्शिराहच्या दारात जाऊन उभा राहिला. ती तांदूळ निवडत होती.

"तो कबूल झाला," फिक्री म्हणाला.

"कोण? तुझा भांडखोर? मग जिंकलास की."

"अगं, मी खोटं लिहिलं होतं. डिस्क त्याच्याजवळ आहे. नुसतं लावून बघायचं. आणि तो म्हणतो, तुम्ही म्हणता तसंच असेल."

"मग बघितलं नसेल."

"आवाज ऐकलाय त्याने. बारीकसारीक ऐकलाय. ऐकणारा माणूस बघणार नाही का?"

इन्शिराहचा हात तांदळात थांबला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिलाही काय ते सुचलं असावं, कारण तिने सूप बाजूला ठेवलं.

"पत्ता आहे का?"

"दुकानाचा आहे. मागे एकदा जुनी जाहिरात पाठवली होती त्याने."

"मग जाऊन ये," ती म्हणाली. "शुब्रा काय चंद्रावर आहे? आणि तो लोकरीचा मफलर घाल, नाहीतर तिथे जाऊन आधी शिंकशील आणि मग बोलशील."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत फिक्रीला खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर त्याने काही पाहिलं नाही. दमनहूर गेलं, तांता गेलं. नंबर तपासून घ्या, असं आपण त्या माणसाला किती वेळा लिहिलं असेल, याचा तो हिशोब करत होता आणि हिशोब लागत नव्हता.

चष्म्यांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं टांगलेली होती. दारावर मात्र जुनी पाटी तशीच होती, तिच्यावर रंगवलेले दोन मोठे डोळे. गल्ल्यावरच्या मुलीने फोनवरून मान वर न करता सांगितलं, "अम्म हलीम, चष्मेवाले काका? दुसरा मजला. पण दार वाजवून थांबा हं. चाचपत येतात, वेळ लागतो त्यांना."

फिक्री दोन मजले चढून गेला, दार वाजवलं आणि थांबला. आतून काहीतरी घासत आलं. कडी दोनदा चुकली, तिसऱ्यांदा निघाली. उंच, वाळका, इस्त्रीचा शर्ट घातलेला म्हातारा दारात उभा होता. डोळ्यांवर चष्मा होता, आणि त्यामागची नजर फिक्रीच्या डोक्यावरून जिन्याच्या भिंतीकडे लागली होती.

"कोण?"

फिक्रीला आधी स्वतःचं नाव सुचेना. मग म्हणाला, "दीपगृह."

म्हाताऱ्याने कान देऊन मान किंचित तिरकी केली. मग म्हणाला, "बुटके आहात."

"तुम्हाला कसं कळलं?"

"आवाज खालून येतोय. दीपगृह म्हणे. या आत, उंबऱ्याला अडखळू नका, मीच अडखळतो."

खोलीत कुमारी मरियमची तसबीर होती, तिच्याखाली विजेचा छोटा दिवा. भिंतभर कपाटात डिस्क लावलेल्या होत्या, एकीवरही धूळ नाही. हलीमने भिंतीला हात लावत फिक्रीला खुर्चीपर्यंत नेलं आणि स्वतः चहा केला. आधण किती झालं ते तो कान देऊन ऐकत होता. फिक्री मदतीला उठला तसा म्हणाला, "बसा. इथे माझी वस्तू हलवली की मी दिवसभर शोधत बसतो."

"कधीपासून?" फिक्रीने विचारलं.

"काचबिंदू. हळूहळू चोरत होता, शरद ऋतूत सगळंच नेलं. चाळीस वर्षं अख्ख्या शुब्र्याला सांगत आलो, तपासून घ्या, तपासून घ्या. स्वतःचं राहिलं." तो हसला. "तुम्ही आठवण करून देत होता म्हणा अधूनमधून."

फिक्रीने मान खाली घातली. मग लक्षात आलं की मान खाली घातलेली या माणसाला दिसत नाही.

"मला माफ करा," तो म्हणाला.

"कशाबद्दल? विनोद चांगला होता. आता फोन वाचून दाखवतो मला सगळं. बाईचा आवाज आहे, तुमच्या चुकासुद्धा गोड वाटतात."

"हलीम, सावली आहे."

हलीमच्या हातातला चमचा पेल्यात फिरत राहिला.

"मी खोटं लिहिलं," फिक्री म्हणाला. "नव्या डिस्कवर सावली दिसते. अगदी स्वच्छ. तुमचं बरोबर होतं."

"मग खोटं कशाला लिहिलंत?"

"तुम्ही यावं म्हणून."

हलीमने चमचा काढून बशीत ठेवला. "उस्ताद फिक्री," तो शांतपणे म्हणाला, आणि फिक्रीचं खरं नाव त्याच्या तोंडी पहिल्यांदाच आलं, "थंडीवाऱ्यात इतक्या लांब आलात, मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. चहा घ्या. पण आंधळा बघून आता माझं मन राखू नका. बारा वर्षांत तुम्ही मला एकदाही बरोबर म्हटलं नाहीत. माझ्या लेखी तीच तुमची किंमत होती."

"मन राखत नाहीये. सावली आहे."

"असू दे."

"असू दे काय? मी माझ्या डोळ्यांनी—" फिक्री थांबला.

"तेच ना," हलीम म्हणाला. "तुमच्या डोळ्यांनी. परवा तेच डोळे म्हणत होते, नाही. मी कुठल्या डोळ्यांवर विश्वास ठेवू?"

फिक्रीला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं, नवाल गेल्यावर चाळिसाव्या दिवसाचे विधी उरकून सगळे पाहुणे गेल्यावरही नाही. एका फुशारकीच्या वाक्याने त्याने या माणसाचा एकुलता एक साक्षीदार खोटा पाडला होता, आणि तो साक्षीदार तो स्वतःच होता. त्याच्या डोक्यात तिडीक गेली. तो उठला, टीव्ही लावला, वरच्याच फळीवर असलेली नवी डिस्क काढून आत सरकवली आणि विहिरीच्या प्रसंगापर्यंत पळवून चित्र थांबवलं.

"काय करताय?" हलीमने विचारलं. तो मुद्दाम खिडकीकडे तोंड करून बसला होता.

"ऐका. मधोमध विहीर आहे. बाई उजवीकडून येते, कंदील डाव्या हातात."

"पाठ आहे मला."

"खजूर विहिरीच्या मागे. सावली बुंध्याशी, अंगठ्याएवढी. मी अंगठा लावून मापलीय."

"असेल."

"रहाटाच्या आऱ्यांची पण आहे, पुसट."

"हं."

हा 'हं' फिक्रीला सहन झाला नाही. तो शाळेत पोरांवर करवादायचा तसा करवादला. "आणि एवढा गाजावाजा करून काढलेली डिस्क, पार कडेपर्यंत चित्र दाखवायची हौस दांडगी, पण त्या कडेला काय आहे ते बघायला नको? तिथे कुणाची तरी छत्री आलीय. खाली डाव्या कोपऱ्यात. कॅमेऱ्यावर धरली असेल, तिची सावली. गोलच्या गोल. पुसायला काय झालं होतं? नको तिथे कुरकुर पुसली, आणि ही मात्र—"

"काय आलंय?"

हलीमने तोंड खिडकीकडून वळवलं होतं.

"छत्री," फिक्री म्हणाला. "छत्रीची सावली."

"कुठे म्हणालात?"

"खाली डावीकडे. दुसऱ्या डिस्कवर कडा कापल्या होत्या, पहिलीवर डांबर. त्यामुळे आजवर कधी कुणाला—"

"कुणाला सांगितलंत हे?"

"कुणाला नाही. त्या दिवशी लक्षच नव्हतं माझं त्याच्याकडे."

हलीम उठला. पेला कलंडला, चहा टेबलावरून खाली ठिबकू लागला, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला.

"मी किंचाळत होतो," तो म्हणाला. "थेटरात. सात वर्षांचा पोरगा, दुसरं काय करणार? लोक मागून ओरडायला लागले, पोराला बाहेर न्या. बाबांनी मला मांडीवर घेतलं आणि कानात म्हणाले, हलीम, खाली कोपऱ्यात बघ. छत्री दिसते का? रात्री छत्री कोण धरतं? ती दुपार आहे रे, वेड्या. सगळी मंडळी उन्हात उभी आहेत आणि घरी जाऊन जेवणार आहेत." त्याने थांबून श्वास घेतला. "मी बघितलं. मला दिसली. मग मी गप्प झालो. पुढे आयुष्यात मला कशाची भीती वाटली की मी तेच म्हणायचो."

फिक्रीने वळून टीव्हीच्या त्या कोपऱ्याकडे पाहिलं.

"ते मी तुम्हा लोकांना कधी लिहिलं नाही. बाबांचं होतं ते. तुमच्या तोंडी कशाला देऊ? मग पहिल्या डिस्कवर नाही, दुसऱ्या डिस्कवर नाही. म्हटलं, सावली तरी सापडू दे, तेवढी सापडली तर छत्रीही असेल. आणि परवा फोनमधली बाई गोड आवाजात म्हणाली, सावली नाही, कधी नव्हतीच." हलीमने चष्मा काढला आणि सवयीने शर्टाच्या टोकाने पुसला. "म्हटलं, म्हणजे बाबांनी मला गप्प करायला थाप मारली होती. आणि मी दिसलं म्हणून मान डोलावली. संपलं. आता ज्या अंधारात बसलोय तो रात्रीचाच, दुपारचा नव्हे."

"आहे ती," फिक्री म्हणाला. "या."

त्याने हलीमचा हात धरून त्याला टीव्हीपाशी आणलं. दोघं म्हातारे कण्हत गुडघ्यांवर बसले. फिक्रीने त्याचं बोट उचललं, आधी खजुराच्या बुंध्याशी ठेवलं, मग काचेवरून तिरकं खाली नेत डाव्या कोपऱ्यात आणलं आणि तिथे एक छोटं वर्तुळ काढवलं.

"एवढी?" हलीमने विचारलं.

"एवढी."

"दांडा दिसतो?"

"नाही. दांडा कडेबाहेर गेला."

हलीमने मान हलवली. दांडा त्याच्याही आठवणीत नसावा. तो वर्तुळावर बोट फिरवत राहिला, दोनदा, तीनदा, आणि फिक्री दुसरीकडे बघत राहिला. खालून मोबाइलच्या दुकानातलं गाणं ऐकू येत होतं. टेबलावरचा चहा थेंब थेंब गळायचा थांबला.

"तिथे लिहावं लागेल तुम्हाला," शेवटी हलीम म्हणाला. "तुम्ही हरलात म्हणून. छत्रीचं लिहू नका."

"लिहीन. आजच लिहितो."

"मग झालं. बारा वर्षांचं मिटलं." हे बोलून हलीम तसाच खाली बसून राहिला. त्याचा हात काचेवरून उतरला आणि कुठे ठेवावा हे न कळल्यासारखा मांडीवर पडला. त्या हाताकडे फिक्रीने पाहिलं. गाडीची वेळ झाली होती. उठून मफलर गुंडाळायचा, जिना उतरायचा, की संपलं. तो स्वतःच्या घरी जाईल आणि हा इथे.

"मिटलं कसं?" फिक्री म्हणाला. "आवाजाचं तुमचं साफ चुकलंय. रहाट तीनदा कुरकुरत नाही. दोनदा कुरकुरतो."

हलीमची मान ताठ झाली.

"काय म्हणालात?"

"दोनदा."

"दोनदा?" तो टेबलाचा आधार घेत उठू लागला. "अहो, आयुष्यभर डोळे फाडून बसलात, कानात काय कापूस घातला होता? दोनदा म्हणे. ही बंद करा, हिच्यात तर पुसूनच टाकलंय. कपाटात खालून दुसरी फळी, उजवीकडची जुनी डिस्क काढा. आणि मफलर सोडा तो. इतक्यात कुठे जाताय?"

फिक्रीने मफलर सोडला आणि खालून दुसऱ्या फळीशी वाकला.